सक्तीची मागणी मी मागे घेतो

लग्नाआधी थॅलेसेमियाची रक्ततपासणी सक्तीची करा, त्याशिवाय लग्नाची नोंदणीच करू नका, ही मागणी मी वर्षानुवर्षं केली. निवेदनं लिहिली, तहसीलमध्ये जाऊन दिली, त्यांच्या पोचपावत्या फायलीला लावल्या, शिबिरांत भाषणं ठोकली. ‘पत्रिका राहू द्या, आधी रक्त जुळवा’ हे मी इतक्यांदा बोललो की अहमदपूरच्या बाजारात काही पोरं मला बघितलं की तेच वाक्य म्हणायची. आता मी ती मागणी करत नाही. ज्यांच्यासोबत निवेदनं दिली त्यांच्यातल्या काहींना हे रुचलेलं नाही. एकानं तोंडावर विचारलं, ‘‘तू स्वतः पेशंट असून असं बोलतोस?’’ त्याला दोन वाक्यांत उत्तर देता येईना, म्हणून हे लिहितोय.

माझा जन्म १९९३ चा, किल्लारीच्या भूकंपाच्या सालातला. आजार थॅलेसेमिया मेजर. आई ही वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्या भागात यात कुणाला नवल वाटत नाही. मामाची पोरगी म्हणजे जन्मापासून ठरलेली सोयरीक, आणि कर्नाटकाच्या सीमेकडे काही घरांत तर बहिणीची मुलगीही करतात. वर्षाचा व्हायच्या आत मी पांढराफटक पडलो, पोट फुगलं. रक्त कमी म्हणून लोहाचं टॉनिक सुरू झालं. बहुतेक लेकरांच्या बाबतीत तो हिशोब बरोबर असतो, माझ्या बाबतीत तो साफ उलटा होता. पुढं एका डॉक्टरांनी थॅलेसेमियाचं नाव काढलं आणि लगेच बाजूलाही सारलं, कारण हा आजार सिंधी-पंजाब्यांचा, मराठवाड्यातल्या कुणब्याच्या घरी कुठला? शेवटी निदान झालं हैदराबादला. नांदेड-लातूरच्या माणसाला मोठ्या दुखण्यासाठी आजही मुंबईपेक्षा हैदराबादची गाडी जवळची वाटते.

आजार समजायला फार शिक्षण लागत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन दोन प्रकारच्या साखळ्यांनी बनतं, अल्फा आणि बीटा. बीटा साखळी कशी बनवायची याची सूचना आईकडून एक आणि बापाकडून एक अशी आपल्याला मिळते. त्यातली एक बिघडलेली असली तर माणूस वाहक, म्हणजे थॅलेसेमिया मायनर. त्याला काही होत नाही. फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी भरतं. तो शेत नांगरतो, लेकरं वाढवतो, म्हातारा होतो. दोन्ही बिघडलेल्या आल्या तर माझ्यासारखं लेकरू, ज्याला जन्मभर बाहेरून रक्त घ्यावं लागतं. आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी ही शक्यता असते, आणि ती दर खेपेला नव्यानं. पहिलं लेकरू आजारी निघालं म्हणून पुढची तिन्ही सुटली असं होत नाही. आमच्या भागात हा गैरसमज अनेक घरांना महागात पडला आहे. एक वाहक आणि दुसरा वाहक नाही, अशा जोडप्याला मात्र मेजरचं मूल होत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, माझं सगळं म्हणणं त्याच्यावर उभं आहे.

अहमदपूर हे लातूर-नांदेड रस्त्यावरचं गाव. एका अंगाला चाकूरवरून लातूर, दुसऱ्या अंगाला लोह्यावरून नांदेड, अंतर जवळपास सारखंच. त्यामुळे महिन्यातून दोनदा, जिथं माझ्या गटाचं रक्त असेल तिथली एसटी धरायची. नांदेडचं शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय विष्णुपुरीला, गोदावरीच्या अलीकडेच, म्हणजे शहरात शिरायचंही काम नाही. सकाळी नमुना द्यायचा, क्रॉसमॅच होईपर्यंत, म्हणजे रक्त जुळतंय का ते बघून होईपर्यंत, बाकड्यावर बसायचं. पिशवी फ्रीजमधून आलेली असते, तिला बोट लावलं की गारठा कळतो. सिस्टर हाताच्या मागच्या बाजूला शीर शोधते. माझ्या शिरा आता दोरीसारख्या कडक झाल्यात, सुई घसरते. पहिली पंधरा मिनिटं थेंब सावकाश सोडतात, हुडहुडी भरतेय का ते बघतात. तिसऱ्या-चौथ्या तासाला कानाच्या पाळ्या गरम होतात. ते मला लहानपणापासून ओळखीचं आहे: पाळ्या गरम झाल्या की आठवडाभर जिना चढताना थांबावं लागत नाही.

रक्तासोबत लोह येतं. एका पिशवीत साधारण २०० मिलिग्रॅम, आणि शरीर दिवसाला बाहेर टाकतं ते एक-दोन मिलिग्रॅम. उरलेलं हृदयात, यकृतात, ग्रंथींमध्ये साठत जातं. रक्ताअभावी मरणारी लेकरं रक्त मिळाल्यावर या लोहानं मरायची. त्यावरचं जुनं औषध डेस्फेराल: रात्रभर पोटाच्या कातडीखाली सुई आणि कमरेला छोटा पंप, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. ते आम्हाला परवडणारं नव्हतं. मी वाचलो तो केल्फरमुळे. ही डेफेरिप्रोनची कॅप्सूल सिप्लानं नव्वदच्या दशकात काढली, आणि जगात ती सर्वांत आधी भारतात विकायला आली. तिनं पांढऱ्या पेशी कमी होतात, गुडघे धरतात, म्हणून वरचेवर रक्त तपासावं लागतं. पण ती गोळी होती, पंप नव्हता. आता डेफेरासिरॉक्स घेतो. पाण्यात विरघळवून, उपाशीपोटी. चव खडू खाल्ल्यासारखी.

थॅलेसेमियाच्या रुग्णाला रक्त मोफत द्यावं, त्याच्या बदल्यात रक्तदाता मागू नये, असा नियम आहे. पण मे महिन्यात नियम आणि फ्रीज यांची गाठ पडत नाही. लातूरच्या रक्तपेढ्यांना रक्त मिळतं ते बरंचसं कॉलेजच्या शिबिरांतून, आणि उन्हाळ्यात ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवण्यांना आलेली सगळी पोरं आपापल्या गावी गेलेली असतात. ते दिवस मी फोनवर काढतो.

असं आयुष्य काढणारा माणूस सक्तीची मागणी का करणार नाही? साध्या रक्ततपासणीनं टळू शकणारी गोष्ट, आणि ती टळत नाही, याचा मला संताप यायचा. अजूनही येतो. म्हणून मी थॅलेसेमियाच्या तपासणी शिबिरांत जायला लागलो. तिथं मला स्टेजवर बसवायचे आणि निवेदक सांगायचा, ‘‘हे बघा, यांना महिन्याला दोन पिशव्या रक्त लागतं.’’ लोक बघायचे. चेहऱ्याची ठेवण, पिवळट डोळे, कमी उंची. मी म्हणजे शिबिराचं चालतंबोलतं पोस्टर. एकदा लातूरला एका मुलीनं उभं राहून विचारलं, ‘‘तुमच्या आईची तेव्हा तपासणी झाली असती तर तुम्ही जन्मला नसता, हे तुम्हाला चालेल का?’’ हॉलमध्ये हशा पिकला, तिला खाली बसवलं. तिचा प्रश्न चेष्टेचा नव्हता. मी काहीतरी गुळमुळीत बोललो. माझं आजचं उत्तरही पूर्ण नाही, पण इतकं आहे: आईला आधी माहीत असायला हवं होतं, मग तिनं काय ठरवलं असतं ते तिचं. तिनं मला ठेवलं असतं की नाही, हा प्रश्न मी तिला कधी विचारला नाही आणि विचारणार नाही.

माझं मत बदललं ते मात्र या प्रश्नानं नाही. ते झेरॉक्सच्या मशीनपाशी बदललं.

मी तहसीलजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, दिव्यांगांच्या यूडीआयडी कार्डाचे अर्ज. (माझ्याकडेही ते कार्ड आहे. २०१६ च्या कायद्यानं थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल दिव्यांगत्वाच्या यादीत आले, पण सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणात रक्ताचे आजार धरलेले नाहीत. कार्ड आहे, वाटा नाही.) एका दुपारी लोह्याकडचे एक गृहस्थ आले. टोपी, धोतर, पायजमा घालणाऱ्या पिढीच्या आधीचे. पिशवीतून घडी घातलेला कागद काढून काउंटरवर पसरला. रक्ताचा रिपोर्ट. मुलीचं नाव, वय, एचबी ए-टू (वाहकांत वाढलेला दिसणारा हिमोग्लोबिनचा प्रकार) पाचच्या पुढं, खाली ‘थॅलेसेमिया मायनर’ असा शेरा. त्यांनी त्या शेऱ्यावर बोट ठेवलं.

‘‘साहेब, ही एक वळ सोडून झेरॉक्स निघंल का?’’

मी कशासाठी विचारलं. म्हणाले, पोरीची सोयरीक ठरलीय, पोराकडचे रिपोर्ट मागतायत. ‘‘त्यांचं म्हणणं, आज मायनर हाय, उद्या मेजर झाली तर दवाखाना आम्ही करायचा का?’’

मायनर कधी मेजर होत नाही. मी त्यांना ते सांगितलं, कागदावर आकृती काढून सांगितलं, मुलाकडच्यांशी फोनवर बोलायचीही तयारी दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, ‘‘मंग निघती का?’’ मी नाही म्हणालो. त्यांनी कागदाची घडी घातली आणि ते पलीकडच्या दुकानाकडे चालू लागले. रिपोर्ट ज्या कॉलेजच्या शिबिरातला होता, तिथं मी भाषण केलं होतं.

त्या शिबिरात आम्ही गुप्तता पाळली होती, असं मला वाटायचं. निकाल बंद पाकिटात दिले. पण ज्यांच्यात दोष दिसला त्यांना समुपदेशनासाठी परत बोलावलं होतं, आणि कोणाकोणाला परत बोलावलं हे कळायला वर्गाला पाकीट फोडावं लागत नाही. त्याच शिबिरात एक मुलगाही वाहक निघाला होता. पुढं त्याचं लग्न झालं. त्याचा रिपोर्ट कुणी मागितला नाही. त्याची आई दुसऱ्याच कामासाठी दुकानात आली तेव्हा मी विषय काढला, तर म्हणाली, ‘‘आमच्या पोराला काय झालंय? वैरणीचा भारा एकट्यानं उचलतो.’’ सुनेची तपासणी झाली का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

तेव्हा मला जे दिसलं ते भाषण करताना दिसत नव्हतं. सक्ती कागदावर दोघांवर असते. गावात आल्यावर ती एकटीवर उरते. मुलाचा दोष म्हणजे ‘किरकोळ काहीतरी’, मुलीचा दोष म्हणजे खोट. आणि आमच्याकडं सोयरीक कशी ठरते ते बघा: सकाळी पाहुणे येतात, दुपारी सुपारी फुटते, कधी साखरपुड्यातच लग्न उरकतं. तालुक्याला एचबी ए-टू मोजणारं एचपीएलसीचं मशीन नसतं, नमुना बाहेर जातो, निकाल यायला दिवस लागतात. अशा वेळी सक्ती केली तर एक तर खोटा कागद येणार, नाहीतर मंडप घातल्यावर लग्न मोडणार. आणि जी लग्नं वयाआधीच होतात, ती तर नोंदणीच्या दारापर्यंत जातच नाहीत. नियम तिथं पोचणार कसा?

मी सायप्रसचं उदाहरण प्रत्येक भाषणात द्यायचो. तिथं दर सात माणसांत साधारण एक वाहक. ऐंशीच्या दशकात तिथल्या चर्चनं लग्नाआधी तपासणीचा दाखला आवश्यक केला आणि थॅलेसेमियाची नवी बालकं जन्मायची जवळजवळ थांबली. मी हे टाळ्या मिळेपर्यंत सांगायचो आणि पुढचं सांगत नव्हतो, कारण पुढचं मी नीट वाचलंच नव्हतं. त्या दाखल्यावर निकाल नसतो. तपासणी झाली आणि सल्ला दिला, एवढंच लिहिलेलं असतं. आणि दोघंही वाहक निघालेली बहुतेक जोडपी तिथं लग्न मोडत नाहीत. ती लग्न करतात आणि गरोदरपणात गर्भाची तपासणी करून घेतात. म्हणजे आजार थांबला तो दाखल्यानंतर जी सोय हाताशी होती तिच्यामुळे. माझ्या मागणीत ती सोय नव्हती, नुसता दाखला होता.

उलटं उदाहरण ग्रीसमधल्या ऑर्कोमेनॉस या गावाचं. तिथं सिकलसेल, म्हणजे हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक आजार, बराच. संशोधकांनी सगळं गाव तपासलं, लोकांना समजावलं, आणि काही वर्षांनी परत जाऊन पाहिलं. वाहकांना नावं ठेवली जात होती, घरं निकाल लपवत होती, आणि वाहक-वाहक लग्नं नेहमीइतकीच होत होती. हे वाचताना मला लोह्याच्या त्या गृहस्थांचं बोट दिसत होतं.

सौदी अरेबियाचा दाखला माझ्या विरोधात जातो, तोही सांगतो. तिथं २००४ पासून लग्नाआधी तपासणी सक्तीची आहे, आणि सुरुवातीला फारसं कोणी ऐकलं नाही तरी पुढं जोखमीच्या जोडप्यांची लग्नं मोडण्याचं प्रमाण खूप वाढलं. म्हणजे सक्तीनं काहीच होत नाही असं नाही. पण मोडलेल्या लग्नानंतर मराठवाड्यातल्या त्या मुलीला पुढचं स्थळ कसलं येतं, हे मला ठाऊक आहे. माझ्यासारखं एक लेकरू टळावं म्हणून धडधाकट पोरीच्या कपाळावर शिक्का मारायचा, हा सौदा आता मला मान्य नाही.

किनवट-माहूरकडच्या आदिवासी गावांत सिकलसेल आहे, तिकडं हाच प्रश्न आणखी मोठा होऊन येतो आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. २०४७ पर्यंत आजार संपवायचा, आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असं उद्दिष्ट तेव्हा ठरलं. तपासणीनंतर कार्डं मिळतात. काम मोलाचं आहे. त्यातून ज्यांना आजार आहे त्यांना हायड्रॉक्सियुरियासारखं औषध वेळेत मिळेल. फक्त मुलीचं कार्ड गावात कोणकोण मागून बघतं, यावर कोणीतरी लक्ष ठेवावं.

मग करायचं काय? माझं उत्तर गरोदरपणातल्या पहिल्या भेटीपाशी येऊन थांबतं. साध्या सीबीसीतही, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीतही, संशय येतो: पेशी आकारानं लहान, एमसीव्ही ८० च्या खाली. नेस्ट्रॉफ्ट नावाची एक स्वस्त चाचणी आहे. काचेच्या नळीतल्या पातळ मिठाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकायचा आणि नळीमागं काळी रेघ धरायची. रेघ स्पष्ट दिसली तर बहुधा ठीक, गढूळपणात हरवली तर पुढची तपासणी. पक्कं निदान एचबी ए-टूनं. दोघंही वाहक निघाले तर अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. गर्भ तपासणं म्हणजे गुन्हा, या धास्तीनं काही डॉक्टर विषयच काढत नाहीत. पण लिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यातच हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशी तपासणी करायला परवानगी आहे. त्यासाठी हैदराबाद किंवा मुंबई गाठावी लागते, आणि माझी निवेदनं आता याच एका गोष्टीसाठी असतात: ही सोय लातूरला आणि नांदेडला आणा. वैद्यकीय महाविद्यालयं दोन्हीकडं आहेत.

यातही एक अडचण आहे. दृष्ट लागते म्हणून आमच्याकडं तीन महिने गरोदरपण सांगत नाहीत, आणि तपासणीची खरी वेळ तीच असते. आशाताईंना कळतं तेव्हा चौथा सरत आलेला असतो. याच्यावर माझ्याकडं उपाय नाही. सासूनं मनावर घेतलं तरच हे सुटेल.

एक गोष्ट मात्र आजच, पैशाशिवाय आणि कायद्याशिवाय बदलता येईल, आणि ती मला इतक्या वर्षांत सुचली नाही याचं नवल वाटतं. तपासणी पोरापासून सुरू करा. लग्नाआधी करायची असो की गरोदरपणात, आधी त्याचं रक्त द्या. तो वाहक नसेल, आणि बहुतेक पोरं नसतातच, तर मेजरचा प्रश्न तिथंच मिटला; मुलीच्या रिपोर्टला मग कुणी हात लावायचं कारण उरत नाही. तो वाहक निघाला तरच तिची तपासणी. वेळ कमी असेल तर दोघांची एकदम करा, पण तिची एकटीची करू नका.

ज्यांच्या घरी मुलगा लग्नाचा आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. सोयरीक काढायच्या आधी त्याला लातूरला किंवा नांदेडला न्या आणि एचबी ए-टू करून घ्या. रिपोर्टची झेरॉक्स माझ्या दुकानात फुकट काढून देईन, सगळ्या ओळींसकट.